उन्हाळ्यात सगळे घरात, मग फोटोग्राफी क्लब चालू कसा ठेवायचा?

गिरणाकाठ

राम राम मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा छोटा फोटोग्राफी क्लब आहे. २२ जण. शिक्षक, दोन शेतकरी, एक स्टुडिओवाले, तीन गृहिणी, बाकी निवृत्त मंडळी. दर रविवारी सकाळी फेरी असते. कधी गिरणेच्या पात्रात, कधी पाटणादेवीला, हिवाळ्यात हतनूरला पक्षी बघायला. फेरी झाली की कुणाच्या तरी ओट्यावर पोहे-चहा आणि एकमेकांचे फोटो बघणं.

एप्रिल लागला की हे सगळं थांबतं. पारा ४४-४५ ला जातो ते तुम्हाला सांगायला नको. गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका फेरीत आमच्या एका काकांना ऊन लागलं. साडेसातला परतायचं ठरलं होतं, पण नीलपंख पक्ष्याच्या मागे लागून साडेनऊ वाजले. काकांना सलाईन लावावं लागलं, दोन दिवस जिवाला घोर. तेव्हाच ठरवलं की १५ एप्रिल ते पहिला पाऊस, फेरी बंद.

ते बरोबरच होतं. पण जुलैत पुन्हा हाक दिली तेव्हा ९ जण आले. बाकीचे रागावले नव्हते, त्यांची सवय मोडली होती. अडीच महिने व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसत्या शुभेच्छा फिरत होत्या, फोटोबद्दल एक अक्षर नाही.

यंदा तसं होऊ द्यायचं नाही. सगळे घरात असताना क्लब चालू ठेवण्याचा कुणाला अनुभव असेल तर मनापासून सांगा.

भुसावळ_जंक्शन

बंद कशाला? पहाटे ५ ला निघा, ७ ला घरी. आम्ही नवतप्यातसुद्धा (मेअखेरचे नऊ कडक दिवस) तापीवर जातो. एवढं ऊन ऊन केलं तर खान्देशात राहायचं कसं?

गिरणाकाठ

@भुसावळ_जंक्शन, तुम्ही जाता ते चांगलंच आहे. आमच्यात ६५ च्या वरचे आठ जण आहेत, दोघांची बायपास झालेली. ते आले नाहीत तर क्लब चौघा तरुणांचा होतो. आणि 'साडेसातला परत' हे कागदावर सोपं असतं, ते आम्ही बघितलंय. मला फेरीला पर्याय हवाय, फेरीची नवी वेळ नकोय.

पुण्यातली_खान्देशी

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या ग्रुपने हेच केलं होतं. २५ मार्चपासून रोज एक विषय: 'खिडकी', 'सावली', 'वाफ', 'आजीचे हात'. पहिला आठवडा नुसती धमाल. दिवसाला ६०-७० फोटो. तिसऱ्या आठवड्यात पाच जण उरले.

का ते नंतर नीट बसून आठवलं. फोटो खूप होते, बघणारं कुणी नव्हतं. प्रत्येक फोटोखाली अंगठा, 'मस्त', 'अप्रतिम ताई'. मी एकदा वाफाळत्या चहाचा मुद्दाम हललेला फोटो टाकला. त्यालाही १४ अंगठे. त्या दिवशी माझा उत्साह गेला, कारण कुणी बघितलाच नव्हता.

म्हणून सांगते, रोजचा विषय ठेवू नका. १५ दिवसांत एकच ठेवा आणि प्रत्येकाकडून एकच फोटो. व्हॉट्सअॅपवर टाकायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून दाबून त्याचा पार लगदा होतो.

कळण्याची_भाकर

बठ्ठा घरमाच शेतस, मंग क्लब कोठे गया? तो बी घरमाच शे ना भो!

चाळीसगावचा

वरच्या भाऊंनी हसत हसत खरं बोललंय. आमच्या चाळीसगावात एका माणसाने आयुष्यभर हेच केलं. केकी मूस. जन्म १९१२, गेले १९८९ मध्ये. रेल्वे स्टेशनजवळच्या त्यांच्या घरात पुढे संग्रहालय झालं. अनेक दशकं हा माणूस जवळपास घराबाहेर पडलाच नाही. आणि त्या घरात बसून केलेल्या टेबलटॉप छायाचित्रांना देशविदेशातली पारितोषिकं मिळाली.

टेबलटॉप म्हणजे काय ते नव्या मंडळींसाठी सांगतो. टेबलावर एक छोटं जग मांडायचं. कापूस, वाळू, काटक्या, कागद, काचेचा तुकडा. उजेड एका बाजूने, तोही आडवा. कॅमेरा टेबलाच्या पातळीला आणायचा. मग कापसाचं बर्फ होतं आणि काटकीचं झाड. वरून काढला तर तो टेबलावरचा कापूसच राहतो.

मी शाळेत असताना पहिल्यांदा ते फोटो बघितले तेव्हा बाहेर कुठेतरी परदेशात काढलेत असंच वाटलं. नंतर कळलं, स्टेशनच्या अलीकडे काढलेत. खान्देशातल्या क्लबाने घरात बसून काय करायचं हा प्रश्न पडला तर आधी त्या घरी जाऊन यावं. चाळीसगाव स्टेशनवर उतरून चालत जाता येतं.

पांझरेचं_पाणी

मूस मोठेच, त्यांच्याबद्दल आदर आहे. पण हे उदाहरण इथे बसत नाही. ते एकटे होते आणि एकटं राहणं त्यांनी स्वतः निवडलं होतं. धागाकर्त्यांचा प्रश्न क्लबचा आहे. माणूस घरात बसून उत्तम फोटो काढू शकतो, यात वादच नाही. २२ माणसं २२ घरांत बसून उत्तम फोटो काढतील आणि तरी क्लब मरेल. आमच्या धुळ्यात तसंच झालं. सगळे आजही फोटो काढतात, फक्त एकमेकांना दाखवत नाहीत.

चाळीसगावचा

@पांझरेचं_पाणी, मान्य. हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

निवृत्त_मास्तर

मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. एक प्रयोग सुचवतो, जो घरातच होतो आणि ऊन जितकं कडक तितका चांगला होतो.

एक खोली निवडा. कूलर बसवलेली खिडकी सोडा, दुसरी घ्या. तिला आतून खोक्याचा पुठ्ठा लावा, फटींवर गोधडी, चिकटपट्टी, जे मिळेल ते. खोली पूर्ण काळीकुट्ट झाली पाहिजे. पुठ्ठ्याला करंगळीच्या टोकाएवढं, साधारण एक सेंटिमीटरचं, गोल भोक पाडा. दार लावून दहा मिनिटं गप्प बसा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. समोरच्या भिंतीवर बाहेरचा रस्ता दिसायला लागेल. उलटा, रंगीत आणि हलता.

अट एकच. खिडकीसमोर जे आहे त्यावर ऊन पडलेलं हवं. खिडकी पूर्वेची असेल तर दुपारी तीननंतर, पश्चिमेची असेल तर सकाळी. भिंत पांढरी नसेल तर चादर टांगा.

याचा फोटोही निघतो. कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉड), लेन्सचं छिद्र एफ/४, संवेदनशीलता आयएसओ ८००, उजेड ३० सेकंद आत घ्यायचा. तिथून पुढे कमी-जास्त करा. कॅमेऱ्याच्या आत काय चालतं हे मुलांना फळ्यावर शिकवताना मी दमायचो. खोलीत बसवलं की एक वाक्य बोलावं लागत नसे.

ज्यांची घरं अजून धाब्याची (मातीच्या सपाट छताची) आहेत त्यांना हेही करायला नको. झरोक्यातून जमिनीवर पडणारा कवडसा गोल का असतो, झरोका चौकोनी असला तरी? कारण ते सूर्याचं चित्र असतं. झरोक्यापासून ३ मीटरवर ते साधारण पावणेतीन सेंटिमीटरचं पडतं. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात आमच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली शेकडो कोरी पडल्या होत्या. पानांच्या फटींनी काढलेली ती सूर्याची चित्रं होती.

वाळवणाची_गच्ची

मास्तर, नमस्कार. कालच करून बघितलं.

पुठ्ठा लावायला तासभर गेला, घामाने चिंब. भोक पाडलं, पहिली पाच मिनिटं काहीच नाही. मुलगा कंटाळून निघालाच होता, तेवढ्यात तो ओरडला, "आई, काकू!" समोरच्या गच्चीवर शेजारच्या काकू बिबडे (ज्वारीचे पापड) उलटत होत्या. आमच्या भिंतीवर त्या डोकं खाली पाय वर. लाल पातळ, हातात बिबडा, आणि खाली फरशीच्या कडेशी निळं आकाश. काकू उजवीकडे सरकल्या की भिंतीवर डावीकडे जायच्या. आम्ही दोघं हसून हसून लोटपोट.

फोटोत काकू नाहीत, ३० सेकंदांत त्या कुठे थांबणार! नुसती लाल रेघ आलीय. पण बिबड्यांची पूर्ण खाट आलीय, एकेक बिबडा मोजता येतो.

संध्याकाळी काकूंना बोलावून दाखवलं. त्या बराच वेळ भिंतीला हात लावून बघत होत्या.

निवृत्त_मास्तर

ताई, तुमचं वाचून फार आनंद झाला. ती लाल रेघ म्हणजेच काकू. तो फोटो अजिबात पुसू नका.

केळीबाग

सगळं वाचलं, चांगलं चाललंय. माझी अडचण मांडतो. आमच्या क्लबाने गेल्या उन्हाळ्यात रात्री ९ ला ऑनलाइन बैठक सुरू केली होती. रावेर पट्ट्यात शेतीची लाइट रात्रीची असते, त्या वेळी मी पाण्याच्या मोटारीवर असतो. कधी नेट नाही, कधी ४० मिनिटांत झूम बंद. दोन वेळा जोडलो, दोन्ही वेळा माझा फोटो उघडायच्या आत वेळ संपला. नंतर जोडलंच नाही.

कुणाची चूक नाही. पण ज्याला वेळ पाळता येत नाही तो आपोआप बाहेर पडतो. मला रात्री दोनला, मोटार चालू असताना, निवांत बघता येईल असं काहीतरी द्या.

आठ_बाय_दहा

@केळीबाग, तुमच्या पोस्टने मला जुनी गोष्ट आठवली. माझा स्टुडिओ आहे. वडिलांच्या काळी, रोलच्या जमान्यात, त्यांचे चार मित्र वेगवेगळ्या गावी. ते टपालाने एकमेकांना प्रिंट पाठवायचे. एकच पाकीट फिरायचं. पाकिटात सगळ्यांचे प्रिंट आणि एक वही.

गिरणाकाठ दादा, तुमच्या गावात तर टपालही नको. संध्याकाळी ७ नंतर हातोहात द्या. पद्धत अशी:

प्रत्येकाचा एक ४x६ इंची प्रिंट, मागे फक्त नंबर, नाव नाही. पाकीट एका घरी दोन दिवस. प्रत्येक फोटोवर वहीत किमान तीन ओळी लिहायच्या, त्यात 'मस्त', 'सुंदर', 'अप्रतिम' हे शब्द चालणार नाहीत. काय दिसलं, नजर आधी कुठे गेली, काय खटकलं ते लिहायचं. पाकीट फिरून परत आलं की आपला जुना प्रिंट काढून नवा टाकायचा. आणि जुन्यावर लोकांनी काय लिहिलंय ते वाचत बसायचं. वडील त्या वह्या कुणाला हात लावू देत नसत.

एक धोक्याची गोष्ट. २२ घरं गुणिले दोन दिवस म्हणजे दीड महिना. म्हणून तीन पाकिटं करा, सात-आठ घरांचं एक.

पुण्यातली_खान्देशी

हे!! आम्हाला २०२० मध्ये हेच हवं होतं. तेव्हा एकमेकांच्या घरचं काही हातात घ्यायचीही भीती होती, ते सोडा. आता काहीच अडचण नाही.

भुसावळ_जंक्शन

प्रिंट कोण काढतं आता? एवढ्या मेगापिक्सेलचे कॅमेरे घेऊन ४x६? मोबाइलवर झूम करून पापणी मोजता येते.

आठ_बाय_दहा

भाऊ, पापणी मोजता येते म्हणूनच. प्रिंट झूम होत नाही. तो हातात धरून पूर्ण बघावा लागतो. माझा धंदा आहे म्हणून सांगत नाही. ज्यांना घरी छापता येतं त्यांनी घरी छापावं.

खिडकीतला_बुलबुल

आमच्यातले निम्मे फक्त पक्ष्यांचेच फोटो काढतात, त्यांना टेबलावरचा कापूस सांगून उपयोग नाही. त्यांच्यासाठी: मातीचं पसरट भांडं, गच्चीवर किंवा अंगणात सावलीत ठेवा. पाणी उथळ, मध्ये एक दगड. भांड्यापासून हातभर अंतरावर वाळकी फांदी उभी करा, पक्षी आधी तिथे बसतो, मग पाण्यावर उतरतो. फांदीमागे लांबवर काहीतरी हिरवं असू द्या. तुम्ही खिडकीच्या पडद्याआड. सातभाई, बुलबुल, चिमण्या, दयाळ, होले. दुपारी बारा ते तीन सर्वांत गर्दी, म्हणजे नेमके आपण आत असतो तेव्हा. पाणी रोज बदला, भांडं घासा. फोटो मिळो न मिळो, मे महिन्यात ते पाणी बंद करू नका.

अंधारखोली

अवांतर, पण महत्त्वाचं. उन्हाळ्यात घरी असता तेव्हा कॅमेरा कूलरच्या झोतात ठेवू नका. मी दोन वर्षं कपाटावर ठेवायचो, समोर कूलर. बाहेर रखरखीत कोरडं, आणि माझ्या लेन्सला बुरशी! आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. साफ करून घेतली तरी कडेला डाग राहिलाच. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, बस.

आता मूळ विषय. आमच्याकडे गेल्या मेमध्ये आम्ही सूर्यछपाई केली, म्हणजे सायनोटाइप. १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी शोधलेली पद्धत. दोन रसायनं लागतात, प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडे मिळतात. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलीत. वापरताना दोन्ही सारखी मिसळायची, जाड चित्रकलेच्या कागदावर ब्रशने लावायची, अंधारात वाळवायची. हातमोजे घाला, मुलांना रसायनांजवळ येऊ देऊ नका, आणि त्यात कुठलंही आम्ल जाऊ देऊ नका.

कागदावर पान ठेवा, वर काच, आणि नेऊन ठेवा उन्हात. पुस्तकं १५-२० मिनिटं म्हणतात, आमच्या उन्हात ६ मिनिटांत कागद राखाडी होतो. मग नुसत्या पाण्यात धुवा. पिवळट रंग निघून जातो आणि गर्द निळा वर येतो. केळीचं पान जाड, त्याची पांढरी सावली येते. कुजून जाळी झालेलं पिंपळपान ठेवलं तर शीर न् शीर उमटते. नळाला पाणी दिवसाआड येतं म्हणून आम्ही दोन बादल्यांत भागवलं. प्रत्येकाला लावलेला कागद काळ्या पिशवीत घालून घरपोच दिला, ज्याने त्याने आपल्या गच्चीवर छापला. तेवढ्यासाठी सहा मिनिटं उन्हात जाऊन आलेलं चालतं.

तापीवरचा_पूल

घरात बसलात तर जुन्या निगेटिव्ह काढा! मोबाइलची स्क्रीन पांढरी आणि पूर्ण उजळ करा, तीन-चार बोटं उंचीवर दुधी काच किंवा प्लास्टिक, त्यावर निगेटिव्ह, वरून कॅमेरा. स्क्रीनला टेकवून ठेवलीत तर स्क्रीनचे ठिपके दिसतात. संगणकावर रंग उलटे केले की झालं.

आणि दोन प्रती ठेवा, दोन जागी. भुसावळकरांना ठाऊक असेल, इंग्रज चित्रकार रॉबर्ट गिल १८७९ मध्ये भुसावळलाच वारले. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला १८४४ मध्ये त्यांची नेमणूक झाली होती. वर्षानुवर्षं लेण्यांत बसून केलेली ती मोठी चित्रं लंडनला गेली आणि बहुतेक सगळी १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. त्यांनी लेण्यांचे फोटोही काढले होते, ते आजही बघायला मिळतात. एका जागी ठेवलेल्या कामाची मला तेव्हापासून धास्ती वाटते. माझ्या मुलीच्या जन्मापासूनची चार वर्षं एकाच हार्ड डिस्कमध्ये होती. ती डिस्क आता नुसती टकटक आवाज करते.

भुसावळ_जंक्शन

गिल इथे वारले हे मला या वयात कळतंय. धन्यवाद भो.

धुळ्याची_पोरगी

एक सुचवू? बक्षीस ठेवा. स्पर्धा असली की लोक येतात.

पांझरेचं_पाणी

ताई, येतात आणि जातातही. आमच्याकडे स्पर्धेनेच दोन गट पडले. परीक्षक कोण, यावरून जे सुरू झालं ते आजपर्यंत. मी पाकिटाच्या बाजूने आहे. त्यात पहिला नंबर नाही, फक्त वही आहे.

गिरणाकाठ

मंडळी, पाच आठवड्यांनी धागा वर काढतोय.

तीन पाकिटं केली. २२ पैकी १७ जणांनी प्रिंट दिले. राहिलेल्यांतले दोघं आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी गेले ते तिकडेच आहेत, दोघांची केळीची कापणी चालू आहे, एकाने अजून मन घट्ट केलेलं नाही. @केळीबाग, आमच्या शेतकऱ्यांपैकी एकाला पाकीट दूधवाल्याबरोबर पाठवलं. त्याने खरंच रात्री दीडला लिहिलंय, वहीत वेळ टाकलीय.

पहिलं पाकीट परवा परत आलं. सगळं सांगत नाही, एकाच फोटोबद्दल सांगतो. ४ नंबर. खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचा स्टीलचा तांब्या, बाकी काही नाही. पहिल्या घरी लिहिलं होतं, "तांब्याचं तोंड वरून कापलं गेलंय, चुकून वाटतं." दुसऱ्या घरी, "तोंड कापलंय खरं, पण तांब्याच्या पोटात पूर्ण खिडकी दिसते, गजांसकट. नजर तिथेच जाते. मग आणखी जवळ का नाही गेलात?" तिसऱ्या घरी बाईंनी लिहिलं, "गजांच्या मागे कुणीतरी उभं आहे. भिंग घेऊन बघा." चौथ्या घरी भिंगाने बघून लिहिलं, "हो. टोपी आहे."

तो फोटो आमच्या त्या काकांचा, ज्यांना गेल्या वर्षी ऊन लागलं होतं. टोपीवाले तेच, तांब्यात उमटलेले. ते म्हणाले, मी स्वतः फोटोत आहे हे मला लोकांनी सांगितल्यावर कळलं. त्यांनी पाकिटाच्या पुढच्या फेरीसाठी तोच तांब्या पुन्हा काढलाय, जवळून.

मास्तरांची काळी खोली पुढच्या आठवड्यात तिघांच्या घरी आहे. १९ ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनी, सगळे प्रिंट आणि तिन्ही वह्या गावातल्या वाचनालयात मांडायचा विचार आहे. वह्या मांडाव्यात का, यावर मतभेद आहेत. काहींना वाटतं ते घरातलं बोलणं आहे, घरातच राहावं. तुमचं काय मत?

आठ_बाय_दहा

प्रिंट मांडा. वह्या नका मांडू. वह्यांमुळे लोक मोकळं लिहितात, उद्या चारचौघांत वाचलं जाणार म्हटलं की पुन्हा 'मस्त, अप्रतिम' सुरू होईल.

निवृत्त_मास्तर

सहमत. मात्र ४ नंबरचं पान लेखकांना विचारून फोटोशेजारी लावा. लोक तांब्याजवळ वाकून बघतील.

वाळवणाची_गच्ची

आमच्या गल्लीतही पाच घरांचं पाकीट सुरू केलं. क्लब वगैरे काही नाही, पाच बायका आणि माझा मुलगा. लाल रेघेचा फोटो १ नंबरला आहे. सध्या पाकीट समोरच्या काकूंकडे आहे. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून मुलगा संध्याकाळी त्यांच्याकडे जातो, त्या सांगतात आणि तो लिहितो. कालपासून ३ नंबरवरच अडलेत.